स्प्रिंगपासून लपवलेली हवा

"ती इलेक्ट्रॉनिक डबी लावली की टर्बो किती हवा वाढवतो हो?"

जालन्यात गाड्यांची आवड असलेल्या पोरांमध्ये बसलं की हा प्रश्न निघतोच. डबी म्हणजे इलेक्ट्रॉनिक बूस्ट कंट्रोलर. डॅशबोर्डवर चिकटवायची, हातात मावेल एवढी, निळे आकडे दाखवणारी. तिची किंमत ऐकली की ती बरंच काही करत असणार असं वाटतं. माझं उत्तर ऐकून पोरांची तोंडं उतरतात, कारण डबी स्वतः कणभरही हवा वाढवत नाही. टर्बोला ती हातसुद्धा लावत नाही. एका स्प्रिंगला ती अपुरी बातमी पुरवते, एवढंच तिचं काम. पण ती बातमी किती अपुरी द्यायची हे ठरवण्यात इंजिनाचं आयुष्य अडकलेलं असतं, म्हणून हे प्रकरण.

१. टायरातली हवा आणि टर्बोतली हवा

पेट्रोल पंपावर आपण टायरात ३२ पीएसआय हवा भरतो. पीएसआय हे दाबाचं माप. दुसरं माप बार; एक बार म्हणजे साधारण साडेचौदा पीएसआय. या हिशेबाने टायरात सव्वादोन बार हवा असते, आणि टर्बो गाडीच्या मीटरवर मात्र अर्धा-पाऊण बार दिसतो. मग एवढ्याशा हवेचं कौतुक कशाला?

मीटर शून्य दाखवतो तेव्हाही आपल्या डोक्यावर हवेचा दाब असतोच. समुद्रकाठी तो एक बारच्या किंचित वर. जालना समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटर उंच, त्यामुळे इथे ०.९५ बारच्या आसपास. साधं इंजिन या ०.९५ वर जगतं. पिस्टन खाली जाताना जेवढी हवा ओढली जाईल तेवढीच त्याच्या वाट्याला. टर्बोने वर अर्धा बार ढकलला की इंजिनाच्या दारात १.४५ बार उभे राहतात. म्हणजे जवळजवळ दीडपट. हवा दीडपट आली तर पेट्रोलही दीडपट जाळता येतं. या वरच्या, ढकललेल्या दाबालाच बूस्ट म्हणतात.

२. पाणचक्कीवरचा गडी

आता ही हवा ढकलतं कोण? संभाजीनगरची पाणचक्की तुम्ही पाहिली असेल. पाटाने आलेलं पाणी चाकावर पडतं, चाक फिरतं, त्याच दांड्यावरचं जातं दळतं. टर्बो ही पाणचक्कीच. पाण्याच्या जागी इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर. तो एका चाकाला फिरवतो आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. दांडा मिनिटाला लाख-दीड लाख फेरे घेतो. वाया जाणाऱ्या धुराकडून हे काम करून घ्यायची युक्ती स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांची. त्यांचं पेटंट १९०५ सालचं.

या चक्कीत एक खोड मात्र आहे. पीठ जास्त पडलं की पाणी जास्त येतं. हवा वाढली की धूर वाढतो, धूर वाढला की चाक आणखी जोरात फिरतं, हवा आणखी वाढते. आवरलं नाही तर इंजिन फुटेपर्यंत हे चालू राहील. म्हणून पाटाला चाकाच्या आधीच एक बाजूचं दार ठेवतात. त्याला म्हणतात वेस्टगेट. ते उघडलं की थोडा धूर चाकाला वळसा घालून थेट सायलेन्सरकडे जातो. बरेच जण याला कुकरच्या शिट्टीची उपमा देतात. ती चुकीची. शिट्टी शिजवणारी वाफच बाहेर सोडते, वेस्टगेट दाबलेल्या हवेला स्पर्शही करत नाही. ते चाक फिरवणारं पाणी वळवतं.

दार उघडायला एक गडी बसवलेला असतो. त्याचं नाव ॲक्च्युएटर: पत्र्याचा गोल डबा, आत रबरी पडदा, पडद्यामागे स्प्रिंग, आणि पडद्याला जोडलेली सळई थेट वेस्टगेटपर्यंत. टर्बोने दाबलेल्या हवेची एक बारीक नळी या डब्यात येते. हवेचा जोर स्प्रिंगपेक्षा जास्त झाला की पडदा सरकतो, सळई ढकलली जाते, दार उघडतं. स्प्रिंग अर्ध्या बारची असेल तर बूस्ट अर्ध्या बारच्या आसपास थांबतो. ना वायर, ना कॉम्प्युटर. गड्याला एवढंच सांगितलेलं असतं: टोपलीत पीठ या खुणेला आलं की दार उघड.

आता तुम्हाला जास्त पीठ हवंय, पण गडी बदलायचा नाही. मग काय कराल? तो बघायच्या आधी टोपलीतून ओंजळभर पीठ काढून घ्याल. त्याला टोपली अजून रिकामी दिसेल, तो दार उशिरा उघडेल, तोवर जातं दळत राहील.

बूस्ट कंट्रोलर ही ओंजळ आहे.

३. आठ तासांची लाईट

ओंजळ भरायचं काम डबीला जोडलेला सोलेनॉइड व्हॉल्व्ह करतो. हा अंगठ्याएवढा विजेवर चालणारा व्हॉल्व्ह. त्याला तीन तोंडं: एक टर्बोकडून, एक ॲक्च्युएटरकडे, एक बाहेर. वीज नसताना टर्बोची हवा सरळ ॲक्च्युएटरला जाते. वीज आली की ती वाट बंद होते आणि ॲक्च्युएटरकडची हवा तिसऱ्या तोंडातून सुटते. व्हॉल्व्ह अर्धवट उघडत नाही. एक तर चालू, नाही तर बंद. मग थोडीच हवा कशी चोरायची? सेकंदाला वीस-तीस वेळा चालू-बंद करून.

या चालू-बंदच्या मापाला ड्युटी सायकल म्हणतात, आणि शेतकऱ्याला ते वेगळं शिकवायला नको. शेतीच्या पंपाला चोवीस तासांत आठ तास थ्री-फेज मिळते, म्हणजे ड्युटी ३३ टक्के. पंप पूर्ण जोरानेच चालतो, पण दिवसाचा हिशेब केला तर एक तृतीयांश. सोलेनॉइडचा दिवस सेकंदाच्या तिसाव्या भागाचा, एवढाच फरक.

कागदावर हिशेब करू. स्प्रिंग ०.५ बारची, ड्युटी ३३ टक्के. ॲक्च्युएटरला खऱ्या दाबाचा दोन तृतीयांशच कळतो. त्याला ०.५ जाणवायला खरा दाब ०.७५ हवा. ड्युटी ५० केली तर खरा दाब १.० होईपर्यंत तो गप्प. प्रत्यक्षात आकडे असे नेटके येत नाहीत. नळीची लांबी, व्हॉल्व्हची भोकं, आतून दाराला ढकलणारा धूर असं सगळं मध्ये येतं. तरी यातून मिस्त्री लोकांचा एक जुना आडाखा समजतो: स्प्रिंगच्या दुपटीपलीकडे डबीवर विसंबू नये. त्याहून जास्त हवं असेल तर स्प्रिंग बदलावी.

एक गोष्ट इथेच डोक्यात पक्की करा. स्प्रिंगपेक्षा कमी बूस्ट डबी कधीच देऊ शकत नाही. ओंजळ काढता येते, टोपलीत टाकता येत नाही.

४. शेंद्र्याची गाडी

जालन्याहून संभाजीनगरला जाताना शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना लागतो. २००१ साली तिथे ऑक्टेव्हियाची जोडणी सुरू झाली. २००४ मध्ये स्कोडाने ऑक्टेव्हिया आरएस भारतात विकायला आणली: १.८ लिटर, सिलिंडरमागे पाच व्हॉल्व्ह, टर्बो, १५० अश्वशक्ती. आपल्याकडे तेव्हा टर्बो म्हणजे डिझेल असंच समीकरण होतं, त्यामुळे टर्बो पेट्रोलचं अप्रूप फार.

त्या इंजिनावर एक छोटा व्हॉल्व्ह आहे. फोक्सवॅगन घराण्याच्या वायरिंगच्या नकाशांत त्याला एन ७५ म्हणतात. तीन तोंडं, दोन वायरी, आत सोलेनॉइड. म्हणजे आपण जी डबी बाजारातून आणायला निघालोय तिचं काम कारखान्याने आधीच बसवून दिलेलं, आणि चालवणारा इंजिनाचा कॉम्प्युटर. आज जवळपास प्रत्येक टर्बो पेट्रोल गाडीत बूस्ट असा कॉम्प्युटरच सांभाळतो.

म्हणून अशा गाडीत वरून दुसरी डबी लावणं म्हणजे एका गड्याला दोन मालक. कॉम्प्युटरने ०.६ मागितले, डबीने ०.९ दिले, की कॉम्प्युटर घाबरतो, इंजिनाचा दिवा लावतो आणि ताकद कापून गाडीला लंगडत घरी पाठवतो. नव्या गाडीची ताकद वाढवायची ती कॉम्प्युटरच्या आतले नकाशे बदलून. तो वेगळा विषय. स्वतंत्र डबी शोभते ती जुन्या, साध्या स्प्रिंगवर चालणाऱ्या टर्बोला, किंवा इंजिनाचा कॉम्प्युटरच बदललेल्या शर्यतीच्या गाडीला.

डिझेलवाल्यांसाठी दोन ओळी. स्कॉर्पिओच्या एमहॉकसारख्या इंजिनांत वेस्टगेट नसतंच. तिथे धुराच्या वाटेवरची पाती कमी-जास्त तिरकी करून जोर सांभाळतात. बाजूचं दारच नाही, तर गड्याची टोपली झाकून उपयोग काय? ही डबी तिथे लावू नका.

आणि कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकच वाचलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. तेव्हा पुढचं सगळं वाचायचं ते शर्यतीच्या मैदानावरच्या गाडीसाठी. जालन्याच्या अंगाने समृद्धी महामार्ग गेलाय आणि मोकळा रस्ता बघून हात शिवशिवतात, हे मला कळतं. तिथली मर्यादा ताशी १२० आहे आणि ट्रकवाले आरसा बघतीलच असं नाही.

५. मे महिन्यातला हिशेब

किती बूस्ट ठेवायचा? बहुतेकांना हा प्रश्न ताकदीचा वाटतो. तो आधी तापमानाचा आहे.

सायकलच्या पंपाने हवा भरताना पंपाचं टोक चटका देतं. हवा दाबली की तापते. जालन्यात मे महिन्याच्या दुपारी बाहेर ४० अंश धरा. चांगल्या टर्बोचा हिशेब केला तरी अर्धा बार बूस्टला दाबलेली हवा ९५ अंशांच्या पुढे जाते. एक बारला १४० अंशांच्या वर. चहाचं पाणी १०० ला उकळतं, म्हणजे काय चाललंय ते लक्षात येईल.

तापलेली हवा फुगते, विरळ होते. एक बार बूस्टला दाब २.०५ पट झाला, पण १४२ अंशांची हवा प्रत्यक्षात भरली फक्त दीडपटीच्या थोडी वर. मधे इंटरकूलर असेल आणि त्याने ती ६५ अंशांवर आणली, तर १.९ पट. इंटरकूलर म्हणजे रेडिएटरसारखीच जाळी, फक्त पाण्याऐवजी हवा थंड करणारी. मीटरवरचा आकडा दोन्ही वेळा एकच. म्हणून "माझी गाडी एक बारवर आहे" या फुशारकीला मी फारसं मोजत नाही.

यापेक्षा वाईट गोष्ट नॉकिंग. तापलेली, दाबलेली हवा आणि पेट्रोल यांचं मिश्रण ठिणगीने पेटलेली ज्वाला पोचायची वाट न पाहता कोपऱ्यात स्वतःच भडकतं. कढईत मोहरी तडतडावी तसा बारीक आवाज येतो. मोहरीने फोडणी चांगली होते, इंजिनात पिस्टनला भोक पडतं. हा आवाज ऐकू आला की पाय त्याच क्षणी उचलायचा. आकडे नंतर बघायचे.

पेट्रोल पुरेसं जातंय का, हेही बघायला हवं. पूर्ण बूस्टवर इंजिनाला एका भाग पेट्रोलमागे साधारण बारा भाग हवा मानवते. हे मोजायला सायलेन्सरच्या पाइपात वाइडबँड सेन्सर लावतात. तो नसेल तर बूस्ट वाढवायला बसूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. डोळे बांधून दारं धरायला कोणी जात नाही.

६. जोडणी: सगळा खेळ नळ्यांचा

वायरिंग सोपं असतं. इग्निशन चालू असतानाच वीज मिळेल अशी १२ व्होल्टची लाइन, मधे फ्यूज, चांगला अर्थ. लोक घोळ घालतात तो नळ्यांत.

सोलेनॉइड टर्बोच्या जवळ हवा, म्हणजे नळ्या आखूड राहतात आणि बातमी लवकर पोचते. पण तापलेल्या पाइपाला चिकटून नको. टर्बोकडची नळी दाबलेल्या हवेच्या बाजूने घ्यायची. डबीच्या आतल्या सेन्सरची नळी वेगळी, ती थ्रॉटलच्या पुढून, इनटेक मॅनिफोल्डवरून. एकाच नळीला टी मारून दोन्ही कामं भागवणारे मिस्त्री असतात. त्यांना नम्रपणे नाही म्हणा. सोलेनॉइडचं कुठलं तोंड कशाचं हे प्रत्येक कंपनीचं निराळं, त्यामुळे सोबतचा कागद वाचायचाच. दोन तोंडं उलटी लागली तर वीज नसताना हवा ॲक्च्युएटरला पोचतच नाही.

प्रत्येक टोकाला क्लिप. हे वाक्य मी एका दुपारमुळे लिहितोय. एका मित्राची शर्यतीची गाडी डायनोवर, म्हणजे गाडी जागीच पळवून ताकद मोजायच्या रोलरवर, चढवली होती. सोलेनॉइड ते ॲक्च्युएटर ही वीतभर नळी क्लिपशिवाय नुसती खुपसलेली, आणि ती तपासायचं काम माझं होतं. तिसऱ्या फेरीला ती निसटली. आवाज काहीच आला नाही. बूस्टचा काटा मात्र ०.८ ला न थांबता वर गेला, १.३ च्या पुढे, आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरने पेट्रोल तोडलं म्हणून गाडी वाचली. डबीवर लाल दिवा लागला होता, पण ती करणार काय? गड्याच्या हातातली टोपलीच गेली होती.

तार तुटली तर गाडी मंद होते. नळी निसटली तर इंजिन जातं.

जोडून झालं की इंजिनाकडे जाणाऱ्या जाड पाइपांत हवा भरून त्यांच्या जोडांवर साबणाचं पाणी मारा आणि बुडबुडे बघा, पंक्चरवाला बघतो तसे. गळका पाइप तसाच ठेवून बूस्ट वाढवला तर टर्बो गळतीसाठी दळत बसतो.

७. सेटिंग: आधी डबी बंद

पहिली फेरी डबी बंद ठेवून. इंजिन पूर्ण तापलेलं, तिसरा किंवा चौथा गिअर, अडीच हजार आरपीएमपासून पूर्ण ॲक्सिलरेटर. जो बूस्ट दिसेल तो स्प्रिंगचा. समजा ०.५ आला. वहीत लिहा. आरपीएमबरोबर तो ०.५ वरून ०.६, ०.७ असा चढतच गेला तर थांबा. दार पूर्ण उघडलंय, पण बाजूची चारीच अरुंद आहे, पाणी मावत नाही. हा दोष कुठल्याही डबीने जात नाही. वेस्टगेट मोठं करावं लागतं.

०.५ वर स्थिर राहिला तर पुढे. आपलं लक्ष्य ०.८ धरू. पण सगळ्यात आधी धोक्याची मर्यादा भरायची: ०.९५ ला डबीने ड्युटी शून्य करावी. ही मर्यादा लोक शेवटी भरतात. शेवटी भरायची असेल तर कशाला भरता?

आता ड्युटी. वीस टक्क्यांपासून सुरुवात, एकेका फेरीला पाच टक्के वाढवायची. दर फेरीनंतर गाडीला दम घेऊ द्या. लागोपाठ फेऱ्यांत इंटरकूलर तापतो आणि आकडे फसवतात. तीस टक्क्यांना ०.७, पस्तीसला ०.७८ असं काहीसं दिसेल. दर वेळी वाइडबँड बघा, मोहरी ऐका.

लक्ष्याजवळ आल्यावर दुसरी कळ: गेट प्रेशर, काही डब्यांत स्टार्ट बूस्ट. या दाबापर्यंत डबी गड्याला काहीच कळू देत नाही, दार घट्ट बंद. त्यामुळे बूस्ट लवकर चढतो आणि गाडी झटकन उचलते. ०.८ च्या लक्ष्याला हे ०.५ वर ठेवून बघा, मग थोडं थोडं वर. फार वर नेलं तर गड्याला जाग येईपर्यंत काटा ०.९ ला धडकून खाली येतो. तो टोकदार झटका नॉकिंगला आमंत्रण.

तिसरी कळ गेन, आणि इथे सगळे अडकतात. बंबातलं कढत पाणी बादलीत काढलं की आपण विसण घालतो. हात घालून बघतो, फार कढत असेल तर मोठा तांब्या, थोडं असेल तर चूळभर. गेन म्हणजे तांब्याचा आकार. लक्ष्य आणि खरा दाब यांत फरक दिसला की डबीने ड्युटी किती मोठ्या तांब्याने बदलायची, ते गेन ठरवतो. तांब्या लहान असेल तर बूस्ट ०.७ वर रेंगाळतो आणि गिअर संपतो तेव्हा ०.८ ला पोचतो. मोठा असेल तर पाणी एकदा गार, एकदा कढत: काटा ०.७२, ०.८७, ०.७४, ०.८६ असा झुलत राहतो आणि गाडी हिसके देते. झुलायला लागेपर्यंत वाढवा, मग दोन पायऱ्या खाली या.

गेन नसलेल्या स्वस्त डब्या ठरलेली ड्युटी डोळे मिटून देत राहतात. मे महिन्याच्या दुपारी बेतलेली ती ड्युटी डिसेंबरच्या पहाटे, दहा-बारा अंशांच्या घट्ट हवेत, बूस्ट वेगळाच देते, आणि बहुधा जास्त. अशी डबी असेल तर थंडीत सगळं पुन्हा तपासायचं.

सगळं मनासारखं झालं, ०.८ वर काटा खिळ्यासारखा उभा राहिला, की शेवटची फेरी करायची. गाडी बंद करून सोलेनॉइडची वायर काढा आणि पुन्हा तीच फेरी मारा. काटा ०.५ वर, स्प्रिंगच्या आकड्यावर, परत यायला हवा. नाही आला, तर त्या दिवशी गाडी मैदानावर काढू नका. नळ्या पहिल्यापासून तपासा.